गहाळ तीन मिनिटं चाळीस सेकंद

१

नाहीशी झालेली बाई सिनेमातली आहे, हे मालनताईंना दुकानात पोहोचल्यावर कळलं. फोनवर महेंद्र एवढंच म्हणाला होता, "ताई, बाई गेली. पूर्ण गेली. तू लगेच ये." त्या निम्मी भाकरी ताटात टाकून, मे महिन्याच्या उन्हात स्कूटर हाणत सावेडीला आल्या. धाकटा भाऊ मोबाईल दुरुस्तीच्या काउंटरमागे लॅपटॉप उघडून, घरातलं माणूस गेल्यासारखं तोंड करून बसला होता.

"कोण बाई?"

"'कोरडी नदी'मधली. तिचा सगळ्यात महत्त्वाचा सीन कुणीतरी कापलाय."

मालनताईंनी पर्स काउंटरवर आपटली. "कार्टूनमधली बाई? त्यासाठी मला जेवणावरून उठवलंस?"

"ॲनिमे," महेंद्रने दुरुस्ती केली. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, दोन मुलींचा बाप, पण घराला आग लागली तरी ही दुरुस्ती त्याने केलीच असती.

मालनताई दहिफळे विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करायच्या. पंचवीस वर्षं नगर जिल्ह्यातले उलटलेले टेम्पो आणि आपोआप पेटलेली दुकानं पाहून त्यांचा माणसांवरचा विश्वास कमी झाला होता आणि पित्ताचा त्रास वाढला होता. आठवड्यात सुट्टीचा एक शनिवार मिळायचा, तोही आता जपानला गेला.

प्रकरण असं होतं. 'कोरडी नदी' हा चाळीसेक वर्षांपूर्वीचा जपानी सिनेमा. हाताने काढलेल्या चित्रांचा, पण मुलांना दाखवायचा नव्हे. धरणाच्या कामावर गाव सोडून जाणाऱ्या मजुरांची गोष्ट. त्यात न्हाणीघरातला उघडावाघडा प्रसंग होता, गळफास होता, रक्त होतं. महेंद्रने तो पोरवयात पाथर्डीच्या व्हिडिओ सेंटरमध्ये, ऊसतोडीहून परतलेल्या माणसांत बसून पाहिला. जपानीचा एक शब्द कुणाला कळला नाही, पण गोष्ट सगळ्यांना कळली. पुढे ती कॅसेट झिजली आणि सिनेमा कुठेच मिळेना. दोन वर्षांपूर्वी महेंद्रने टोकियोतली मालक कंपनी शोधून काढली. पुरेशा लोकांनी आगाऊ पैसे भरले तर मराठी शब्दपट्ट्यांची, म्हणजे सबटायटल्सची, डिस्क काढायला ती तयार झाली. सांगलीपासून नागपूरपर्यंतच्या नऊशे अकरा वेड्यांनी पैसे भरले. कंपनीची अट एकच होती, सिनेमातली एक फ्रेमही कापायची नाही.

"आणि आज नमुना डिस्क पाहिली तर तीन मिनिटं चाळीस सेकंद कमी!" महेंद्र म्हणाला. "हे बघ, कंपनीकडून आलेल्या मूळ प्रतीत काय आहे."

त्याने तो प्रसंग लावला. बाई धरणाच्या कामावरून घरी येते. दारात तिचा सात-आठ वर्षांचा मुलगा उभा आहे. ती गाठोडं सोडते, आतून तान्ह्या बाळाची नवी कोरी कुंची काढते आणि वर बघते. पाळणा रिकामा. मग ती भिंतीला टेकून खाली बसते आणि बसूनच राहते. बोलत नाही, रडत नाही. मुलगा दारातून हलत नाही. पडद्यावर फक्त दिव्याची वात हलते.

मालनताईंनी मिनिटभर वाट पाहिली. "अडकलं का काय हे?"

"ताई! काहीच होत नाही हेच तर त्यात आहे!" महेंद्र दुखावला. "गाठोड्यापासून पुढचं सगळं गेलंय. आणि कुणी कापलं ते मला माहीत आहे. न्हाणीघराच्या सीनला पहिल्यापासून विरोध एकाच माणसाचा होता. संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांना खुलासा देतो म्हणून मी शब्द दिलाय. पोस्ट लिहून तयार आहे. नावासकट."

त्याने मोबाईल पुढे केला. नाव वाचून मालनताईंच्या कपाळावरची शीर ताडताड उडायला लागली. रंभाजी साळवे.

२

साळवे सर अठ्ठावीस वर्षं नागापूरच्या एका कारखान्यात जपानी साहेबांचे दुभाषी होते. निवृत्त झाल्यावर चौदा महिने खपून त्यांनी 'कोरडी नदी'चं मराठी केलं, तेही फुकट. चहासुद्धा स्वतःच्या पैशाने प्यायले.

मालनताईंनी महेंद्रकडून पाच वाजेपर्यंत बोटही न हलवण्याचं वचन घेतलं होतं, आणि तो तेवढा वेळ कळ काढेल का याची त्यांना मुळीच खात्री नव्हती. सरांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर काळा गॉगल होता.

"मोतीबिंदू," ते म्हणाले. "मंगळवारी सकाळी ऑपरेशन झालं. पंधरा दिवस पडद्याकडे बघायचं नाही म्हणालेत."

"महेंद्रला ठाऊक आहे?"

"त्याने विचारलं नाही."

मालनताईंनी मनातल्या मनात भावाच्या कानाखाली एक काढली. मग त्यांनी विचारलं, "सर, त्या न्हाणीघराच्या सीनला तुमचा विरोध होता म्हणे?"

"होता. लेखी होता. हरलो." सर सरळ बसले. "आणि हरल्यावर त्याच सीनचं भाषांतर तीनदा तपासलं. आवडत नाही तिथे माणूस हलगर्जीपणा करतो, म्हणून. पण असं का विचारताय?"

मालनताईंनी सांगितलं. पोस्टचंही सांगितलं, कारण लपवून काही उपयोग नव्हता. सरांनी गॉगल नाकावर सारखा केला.

"ताई, कारखान्यात दोन्हीकडचे लोक माझ्या शब्दावर सह्या करायचे. दुभाष्याने एक वाक्य गाळलं असं एकदा कुणी म्हटलं, की संपला तो. मग त्याने पुढे काय सांगितलं, कसं सांगितलं, कुणी ऐकत नाही. नऊशे लोकांसमोर माझं नाव असं जाणार?"

सरांचा आवाज चढला नव्हता. मालनताईंना महेंद्रचा इतका राग आला की त्यांनी पाण्याचा पेला एका घोटात संपवला.

सरांनी लांब वही आणून दिली. पानापानावर डावीकडे वेळ आणि उजवीकडे वाक्य, निळ्या शाईत. त्या प्रसंगाच्या जागी एवढंच लिहिलं होतं: 'इथे कुणी बोलत नाही. आपणही काही लिहू नये.' त्यापुढचं वाक्य एक तास पंधरा मिनिटं तीस सेकंदांवर.

मालनताईंनी महेंद्रला फोन लावला. "नमुना डिस्कमध्ये त्या सीननंतरचं पहिलं वाक्य कितव्या मिनिटाला येतं?"

"एक तास अकरा मिनिटं पन्नास सेकंद. का?"

"आणि पट्टी बरोबर पडते? बोलणाऱ्याच्या तोंडावर?"

"अगदी बरोबर."

त्यांनी फोन ठेवला. "सर, ही वही कॉम्प्युटरवर कुणी चढवली?"

"गोरक्षनाथने, नागापूरच्या स्टुडिओत. डिस्क तोच बनवतो आहे. मी सोमवारी वहीच्या झेरॉक्स दिल्या. मंगळवारी दिवसभर बसून त्याने सगळ्या पट्ट्या चढवल्या."

म्हणजे हिशेब सरळ होता. कापाकापी आधी झाली असती, तर वहीतल्या वेळेप्रमाणे चढवलेल्या पट्ट्या पुढे सगळ्या चुकीच्या जागी पडल्या असत्या. त्या बरोबर पडत होत्या. तुकडा पट्ट्या चढल्यावर, पट्ट्यांसकट मागेपुढे सरकवून काढला होता, म्हणजे मंगळवारनंतर. आणि मंगळवारनंतर हा माणूस डोळ्याला पट्टी बांधून घरात बसला होता.

त्या उठल्या तेवढ्यात महेंद्रचाच फोन आला. तो धापा टाकत होता.

"ताई, शिर्डीचे कानिफनाथ शेठ विचारतायत, 'मी कापायला सांगितलं हुतं, कापलं का?'"

३

कानिफनाथ शेठ शिर्डीतल्या लॉजचे मालक. एकट्यानेच शंभर डिस्कचे पैसे भरले होते. सिनेमाचं वेड त्यांना नव्हतं, पाकिटाच्या मागच्या बाजूला नाव छापून येणार याचं होतं. मालनताईंनी झाडाखाली स्कूटर लावली आणि त्यांना फोन लावला. पलीकडून बॅगांची चाकं आणि भक्तांचा कालवा ऐकू येत होता.

"व्हय, सांगितलं हुतं की! एकशे चार खाली झाली का रे? हां, बोला ताई. मी बुधवारी स्टुडिओत गेल्तो. आंघोळीचा सीन बघितला आन घामच फुटला. माझ्याकडं देवाला आलेली मान्सं उतरत्यात. रिशेप्शनला ही डिस्क ठिवायची म्हंजी... टॉवेल दे रे त्यांना!"

"तुम्ही कुणाला सांगितलं कापायला?"

"गोरक्षला."

"तो काय म्हणाला?"

"लई ताठ बोलला. 'शेठ, एक फ्रेम कापली तरी परवानगी जाईल,' म्हनला. 'तुमी म्हनून ऐकून घेतलं, दुसऱ्याला बाहेर काढला असता.' मला! शंभर डिस्क घेनाऱ्याला! लिफ्ट बंद हाय, जिन्यानं जा म्हनावं!"

मालनताईंनी फोन कानापासून लांब धरला आणि पुन्हा जवळ आणला. "मग त्या सीनच्या पुढचं काय काय पाहिलंत?"

"काय न्हाई. आंघोळ लागली तसा उठलोच. गाडी बाहेर उभी हुती. पर शेवट गोड हाय ना ताई? पाकिटावर आपलं नाव हाय म्हनून विचारतो."

"खूप गोड आहे," असं म्हणून मालनताईंनी फोन बंद केला. सिनेमाच्या शेवटी गळफास होता.

त्या स्कूटरवर बसल्या, पण किल्ली फिरवली नाही. सगळे जण लाजेकाजेच्या मागे लागले होते. महेंद्रला वाटत होतं सरांना लाज वाटली, आणि शेठला तर वाटतच होती. पण न्हाणीघर जागच्या जागी होतं. रक्त होतं, फास होता. लाजेने कात्री चालवणारा माणूस तेवढं सगळं सोडून भिंतीला टेकलेली एक बाई कापेल? अंगभर कपडे घातलेली, तोंडातून शब्द न काढणारी?

मंगळवारनंतर त्या कॉम्प्युटरवर हात फक्त गोरक्षनाथचा चालला होता. शेठना अंगठा दाबून मोबाईल उघडता आला तरी पुष्कळ. म्हणजे कापणारा गोरक्षनाथच. पण ज्याने बुधवारी शंभर डिस्कच्या गिऱ्हाइकाला एका फ्रेमसाठी झाडलं, त्यानेच दोन दिवसांत साडेतीन मिनिटांच्या वर तुकडा उडवला. 'कुणी' कळलं होतं. 'का' मात्र काही केल्या बसत नव्हतं, आणि घड्याळात पावणेचार झाले होते.

४

गोरक्षनाथचा स्टुडिओ नागापूरला, कारखान्यांच्या रस्त्यावर होता. मागच्या दोन खोल्यांत तो आईसह राहायचा. भिंतीवर बदामाच्या आकारात नवरानवरी चिकटवलेली होती. गोरक्षनाथ पन्नाशीला टेकलेला, अबोल माणूस. मालनताईंना पाहून त्याने खुर्ची पुसली.

टेबलावर निमंत्रणपत्रिकेचा गठ्ठा होता. पुढच्या रविवारी पाथर्डीत 'कोरडी नदी'चा पहिला खेळ, खास ऊसतोड करणाऱ्या बायांसाठी. दीपप्रज्वलन सुमनबाईंच्या हस्ते. सुमनबाई म्हणजे गोरक्षनाथची आई, हे मालनताईंना माहीत होतं. बत्तीस हंगाम त्यांनी ऊस तोडला होता.

मालनताईंनी आवाज मऊ केला. हा त्यांचा धंद्यातला जुना डाव होता.

"गोरक्ष, तो तुकडा गेला त्याचं एवढं काही नाही. तुला वाटलं असेल चित्र अडकलं. मलाही तसंच वाटलं होतं."

"व्हय ताई, तेच झालं," गोरक्षनाथ लगेच म्हणाला. "चित्र हँग झाल्यालं वाटलं. लग्नाच्या शूटिंगमध्ये असं झालं का आमी तेवढा तुकडा काढतो. सवयीनं हात गेला."

मालनताईंना वाईट वाटलं. पंचवीस वर्षांत खरं बोलणाऱ्या माणसाने त्यांनी पुढे केलेलं कारण असं आयतं उचललं नव्हतं. खरा माणूस वाद घालतो. ट्रक डावीकडून नाही, उजवीकडून आला मॅडम, म्हणून भांडतो.

"मग कापायला सुरुवात गाठोड्यापासून का केलीस?" त्यांनी विचारलं. "तिथे बाईचे हात हलतात. गाठ सोडते, कुंची काढते. चित्र थांबतं त्यानंतर. अडकलेला भाग काढणारा माणूस अडकलं तिथून काढेल. तू कुंची दिसायच्या आधीच कापलंस."

गोरक्षनाथने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"महेंद्र पाच वाजता सगळ्यांना सांगणार आहे की हे साळवे सरांनी केलं."

"सरांनी?" तो ताडकन उठला. "सरांचं नाव कशापायी? सर देवमानूस हाय! मला वाटलं तिथं कुनी बोलतच न्हाई, तर कुनाच्या ध्यानात येनार न्हाई."

"नऊशे अकरा जणांनी त्या तीन मिनिटांसाठीच पैसे भरलेत रे बाबा!" मालनताईंचा संयम संपला. "एकाला डोळ्यांनी दिसत नाही, एकाला शेवट ठाऊक नाही, माझ्या भावाला अक्कल नाही आणि तुला वाटतं कुणाला कळणार नाही! का केलंस ते सांग सरळ."

त्याने पत्रिकेवर बोट ठेवलं.

"आई पुढच्या खुर्चीवर बसनार. शंभर बायांत." तो परत खुर्चीत बसला. "मी सात वर्सांचा हुतो. आईबाप उसाच्या फडात, आन मी कोपीत, पाचटाच्या खोपटात, बहिनीला राखायला. सा महिन्यांची हुती. ताप हुता तिला. मला झोप लागली ताई. आई उसाची मोळी टाकून पानी प्याया आली तवा मी दारात उभा हुतो, आन पोरगी गार पडल्याली." त्याने तोंडावरून हात फिरवला. "त्या दिवसापासनं आजवर आईनं त्याचा एक शब्द काढला न्हाई. शिवी बी दिली न्हाई. आन आता त्या पडद्यावर तिनं तेच बघायचं? तो पोरगा दारात उभा ऱ्हायल्याला? येऊ नको म्हनलं तर कारन काय सांगू?"

मागच्या खोलीचा पडदा सरकला. हातात चहाचे दोन कप घेऊन सुमनबाई उभ्या होत्या, आणि कपांतला चहा बशीत सांडला होता.

"काय बघू देत न्हाईस मला?" त्यांनी विचारलं.

५

गोरक्षनाथने नाही नाही म्हटलं. सुमनबाई स्टूल ओढून कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "लाव." पन्नाशीच्या मुलाला नाही म्हणता येणार नाही असाच तो आवाज होता. त्याने मूळ प्रत काढली आणि तो प्रसंग लावला. स्वतः मात्र भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

बाई घरी आली. गाठोडं सुटलं. कुंची निघाली. सुमनबाईंचा हात पदराकडे गेला आणि तिथेच राहिला. मग पडद्यावरची बाई खाली बसली आणि खोलीत पंख्याचा तेवढा आवाज उरला. मालनताई पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या सुमनबाईंकडे बघत होत्या, आणि सुमनबाईंची पापणीही हलत नव्हती.

प्रसंग संपला.

"लई येळ बसली बया," सुमनबाई म्हणाल्या.

गोरक्षनाथ वळला नाही.

"मला कुटं बसू दिलं." त्या अजून काळ्या झालेल्या पडद्याकडेच बघत होत्या. "बांधाच्या कडंला पोरीला ठिवली, माती लोटली. हात धुतलं न्हाईत तर मुकादमानं कोयता दिला हातात. गाडी भरायची हुती. तुज्याशी बोलाया तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं, आन रडू फुटलं असतं तर कोयता चालला नसता. हंगाम सरल्यावर बोलू म्हनलं. मग दुसरा हंगाम आला. मग ऱ्हाऊनच गेलं."

"आई, मला झोप लागली हुती," गोरक्षनाथ भिंतीशीच म्हणाला.

"सात वर्साच्या लेकराला झोप न्हाई लागायची तर काय? ताप मला सकाळीच ठावं हुता. मीच टाकून गेल्ते तुमाला दोगांस्नी. रोज बुडला असता." त्यांनी बशीतला सांडलेला चहा कपात ओतला आणि कप तसाच बाजूला ठेवला. "परत लाव ते."

मालनताई बाहेर आल्या. डोळे पुसले, नाक पुसलं, आणि एवढं झाल्यावर भावाशी बोलायचं आहे या विचाराने त्यांना पुन्हा पित्त चढलं. पाचाला दहा मिनिटं होती.

"पोस्ट पुसून टाक," त्यांनी महेंद्रला फोनवर सांगितलं. "नमुन्यात चूक राहिली होती, ती दुरुस्त होतेय, सिनेमा अख्खा येतोय, एवढंच लिही."

"पण कापलं कुणी? लोक विचारतील ना ताई! मी काय सांगू?"

"सांग की माझी बहीण तापट आहे आणि तिने सांगायला नकार दिला. आणि संध्याकाळी साळवे सरांच्या घरी जा. डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांच्या, हे तुला ठाऊक नव्हतं म्हणून पाया पड."

"मला ठाऊक नव्हतं म्हणून..."

"महेंद्र!"

"जातो," तो म्हणाला.

मग त्यांनी सरांना फोन लावला. तुमचं नाव कुठेही गेलेलं नाही, हे आधी सांगितलं. सरांनी विचारलं, कुणी केलं होतं? मालनताई म्हणाल्या, "सर, त्या पानावर तुम्ही काही लिहिलं नाही. मीही सांगत नाही." सर बरं म्हणाले.

पर्स आत राहिली होती. ती घ्यायला त्या दारापर्यंत गेल्या. प्रसंग पुन्हा सुरू होता. सुमनबाई आता स्टुलावर नव्हत्या. त्या खाली फरशीवर, भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसल्या होत्या आणि पदर तोंडाला लावून रडत होत्या, मोठ्याने, नाक ओढत. गोरक्षनाथ कॉम्प्युटरजवळ अवघडून उभा होता. बंद करावं की चालू ठेवावं हे त्याला कळत नव्हतं.

"चालू दे," सुमनबाई पदराआडून म्हणाल्या. मग त्यांनी आपल्या बाजूची फरशी हाताने पुसली. "आन तू कवरचा उभा ऱ्हातोस? बस हितं."